वजनाचे ऑपरेशन झाले, पुढे काय?

आमच्या वस्तीतल्या एका ताईंचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले, त्याला आता दोन वर्षे होतील. तेव्हा वजन ११८ किलो होते. इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात येत नव्हती, गुडघे गेलेले, आणि रात्री घोरता घोरता मध्येच श्वास अडकायचा. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवत होत्या. सरकारी रुग्णालयात नंबर लागला, ऑपरेशन नीट झाले, तिसऱ्या दिवशी घरी आल्या. सगळ्यांना वाटले, सुटली बिचारी.

तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणीही पोटात ठरेना. घरचे म्हणाले, ऑपरेशनच पोटाचे आहे, एवढे तर होणारच. नाक्यावरच्या दवाखान्यात रोज ग्लुकोजची एक सलाईन लागायची, तेवढ्यापुरती तरतरी यायची. आठव्या दिवशी ताईंना एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले. कोणी म्हणाले अशक्तपणा आहे. कोणी तर अंगारा आणायला निघाले, आणि तेही दीक्षा घेतलेल्या घरात! नर्सिंग शिकणारी पुतणी सुट्टीला आली होती. तिने कोणाचे न ऐकता काकूला रिक्षात घातले आणि मोठ्या रुग्णालयात नेले. शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपला होता. त्याची इंजेक्शने सुरू झाल्यावर दृष्टी ठिकाणावर आली. तोल सावरायला मात्र चार महिने लागले.

ऑपरेशन चांगले होऊनही ही बाई आयुष्यभराची अधू झाली असती. कारण पुढे काय करायचे, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. डिस्चार्ज कार्डावर सगळे लिहिले होते, पण ते कार्ड कपाटात लुगड्याखाली होते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही ऑपरेशननंतरच्या दिवसांबद्दल लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे ऑपरेशन सुंदर दिसण्यासाठी नसते. वजनामुळे मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, सांधे झिजणे असे आजार जडले आणि पथ्य-व्यायामाने उतार पडला नाही, तेव्हा डॉक्टर ते सुचवतात. जाड माणूस म्हणजे खादाड आणि आळशी, हा शेरा मारणाऱ्यांची आम्हाला चीड येते. सकाळी वडापाव, दुपारी उरलेसुरले, रात्री दहाला पोटभर भात, आणि मध्ये बारा तास राबणे, असे ज्यांचे दिवस जातात त्यांच्या शरीराचा हिशेब आळस या एका शब्दात मांडता येत नाही. मधुमेहाने बाबासाहेबांसारख्या शिस्तीच्या माणसालाही शेवटची कितीतरी वर्षे छळले. आजार हा आजार असतो, तो कोणाचा गुन्हा नसतो.

ऑपरेशन दोन प्रकारचे जास्त होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलीची, म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी, छोटी पिशवी करतात आणि लहान आतडे खालून आणून तिला जोडतात. अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. बायपास म्हटले की आपल्याकडे हृदयाचेच ऑपरेशन आठवते. एका दादांना शेजारी छातीच्या टाक्यांबद्दल विचारत राहिले, ते सांगून सांगून थकले. या बायपासचा हृदयाशी संबंध नाही. दोन्ही ऑपरेशने बहुधा दुर्बिणीने, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून होतात. त्यामुळे बाहेरची जखम लहान दिसते आणि घरच्यांना वाटते की ऑपरेशनही लहानच होते. आत मात्र टाक्यांची लांब रांग असते. ती भरून यायला वेळ लागतो.

पहिले दोन आठवडे सर्वांत जपण्याचे. आतला टाका सुटून गळती झाली तर जीव धोक्यात येतो. सतत वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, १०१च्या वर ताप, धाप लागणे, किंवा शांत बसलेले असताना नाडी मिनिटाला १२०च्या पुढे राहणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथेच जायचे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरी तसेच, कारण रक्ताची गुठळी झालेली असू शकते. नाडी मोजायला घरातल्या शाळकरी मुलीला शिकवा. मनगटावर तीन बोटे, घड्याळाकडे डोळे, पूर्ण एक मिनिट मोजायचे.

गुठळी टाळण्यासाठी पहिल्या दिवसापासून चालायचे असते. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चालणार कुठे, हा प्रश्न खराच आहे. गल्लीत पहाटे किंवा रात्री वर्दळ कमी असताना दहा-दहा मिनिटे चाला, दिवसातून पाच-सहा वेळा. माळ्यावर झोपत असाल तर महिनाभर अंथरूण खाली घाला. उभी लोखंडी शिडी आणि पोटाचे ताजे टाके यांचे जमत नाही.

आणि हंडा. याबद्दल आम्हाला जरा जोर देऊन सांगायचे आहे. भरलेला हंडा सहज पंधरा किलोचा असतो. डॉक्टर चार ते सहा आठवडे चार-पाच किलोहून जास्त उचलू नका म्हणतात. नळ पहाटे पाचला येतो, चाळीस मिनिटे टिकतो, आणि पाणी भरणे हे बाईचेच काम असे घरात ठरून गेलेले असते. दाराशी नंबर लागला की बाई ‘एवढा एकच’ म्हणत हंडा उचलते. नवऱ्याने, मुलाने, दिराने हे दीड महिन्याचे काम आधीच वाटून घ्यावे. आम्ही ज्यांना भेटलो त्या एका घरात अकरावीतला मुलगा आईच्या आधी उठून नळावर उभा राहायचा. सुरुवातीला बायका हसल्या, पण चौथ्या दिवशी त्याला पुढे जागा देऊ लागल्या.

आता खाण्याचे. रुग्णालयाचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळायचा. साधारण क्रम असा असतो: पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे घोटलेले, मग मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू घरचे जेवण. तक्त्यात सूप आणि प्रोटीन पावडर लिहिलेली असते आणि घरचे घाबरतात की हे कुठून आणायचे. आपल्या स्वयंपाकघरात त्याची जोडी आहे. मुगाच्या वरणाचे वरचे पाणी, पातळ ताक, साय काढलेले दूध, गाळलेली नाचणीची आंबील, आणि मटण-कोंबडीचे अळणी पाणी, तेही वरचे तेल काढून. घोटलेल्यात मऊ वरण, कुस्करलेले अंडे, दही. मऊ खाण्यात काटे काढलेली मासळी आणि खिमा. डॉक्टरांनी पावडर लिहून दिलीच असेल तर पहिल्या महिन्यापुरती तिची सोय करावी, कारण त्या दिवसांत पुरेसे प्रथिन पोटात जाणे कठीण असते.

दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिने पोटात गेली पाहिजेत. ती कमी पडली तर शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही जाळते. माणूस बारीक होतो, पण जिना चढता येत नाही. हिशेब अवघड नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर सोयाबीनच्या वड्यांत, कोरड्या २५ ग्रॅम धरल्या तर, १३, आणि तळहाताएवढ्या कोंबडीच्या किंवा मासळीच्या तुकड्यात १५ च्या आसपास. तीन अंडी, दोन पेले दूध किंवा दही, मूठभर वड्या आणि एक तुकडा, एवढ्यात दिवस भागतो. सुके बोंबील आणि जवळाही उत्तम, फक्त रक्तदाब असेल तर मीठ काढण्यासाठी आधी भिजवून पाणी टाकून द्या. कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर असते, आठवड्यातून एकदा थोडी खावी. गरोदर बाईने मात्र कलेजी टाळावी. कोणी आपल्या खाण्याला नाक मुरडत असेल तर त्याला मुरडू द्या.

ताटात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी किंवा भात. आपल्याकडे नेमके उलटे असते. भाताचा डोंगर आणि कडेला कालवण. सुरुवातीच्या महिन्यांत तीन-चार चमच्यांतच पोट भरते, तेव्हा ते चमचे कशाचे आहेत याला महत्त्व येते. कोरडी चपाती, पाव, मोकळा भात आणि चिवट मटण घशाखाली अडकल्यासारखे होते. घास सुपारीएवढा घ्यायचा, वीस-पंचवीस वेळा चावायचा, आणि जेवण वीस मिनिटे तरी चालले पाहिजे. भरल्याची पहिली खूण छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी येते, कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहते. त्यानंतरचा एक घासही उलटी करवतो.

पाणी जेवताना नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यायचे, दिवसभरात दीड-दोन लिटर. घटाघट तांब्या रिकामा करण्याची सवय सोडावी लागते. बाटलीवर पेनाने खुणा करून ठेवल्या तर दुपारपर्यंत किती गेले ते कळते.

कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट विहारात आपण ऐकली आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत तथागतांकडे आला. भगवंतांनी त्याला जेवणात मात्रा ओळखण्याची गाथा सांगितली. ती सुदस्सन नावाच्या तरुणाने पाठ केली आणि रोज राजा जेवायला बसला की तो ती म्हणू लागला. राजाचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला. आम्हाला या गोष्टीतला सुदस्सन आवडतो. राजालाही ताटावर आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या घरात मात्र उलटी माणसे असतात. ‘एवढेसेच? घे गं, अजून एक घे, वाळून चाललीस.’ प्रेमाने वाढलेला तो एक चमचा आजारी माणसाला मोरीकडे धावायला लावतो.

गोडाचे वेगळेच प्रकरण आहे. बुद्ध पौर्णिमेला खीरदान असते आणि नको म्हणणे जिवावर येते. बायपास झालेल्या माणसाने वाटीभर गोड खीर खाल्ली तर ती एकदम आतड्यात उतरते. दहा-पंधरा मिनिटांत छाती धडधडते, दरदरून घाम येतो, पोटात मुरडा, जुलाब. काहींना एक ते तीन तासांनी साखर घसरून थरथर आणि चक्कर येते. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. घाबरून जाऊ नये, आडवे पडावे, बहुधा तासाभरात उतरते. नंतरची थरथर असेल तर साखर मोजावी, कमी असेल तर थोडी साखर घेऊन लगेच अंडे किंवा दूध घ्यावे, आणि असे वारंवार झाले तर डॉक्टरांना सांगावे. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, म्हणून त्यांना गोड सहज खपते, आणि तिथेच वजन परत चढते. चमचाभर खीर जिभेवर ठेवली तरी दान स्वीकारल्यासारखेच आहे. वर्षावासात उपोसथ धरणाऱ्या उपासिकांनी दुपारनंतर न जेवण्याचा नियम निदान पहिले वर्षभर धरू नये. त्यांची प्रथिने आणि पाणी तेवढ्या वेळात भरून निघत नाही. आजाऱ्यांसाठी नियमात सूट तथागतांनी स्वतःच दिली होती.

मधुमेह असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत, साखर खाली येऊ लागते. जुन्याच मापाने गोळ्या आणि इन्सुलिन चालू ठेवले तर साखर धोकादायक खाली जाते. पहिल्या महिन्यात साखर वारंवार मोजून डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. कित्येकांचा मधुमेह इतका मागे हटतो की गोळ्या बंद होतात, पण काही वर्षांनी तो परतूही शकतो, म्हणून तपासणी सोडायची नाही.

आता गोळ्यांविषयी, कारण सगळ्यात जास्त माणसे इथे घसरतात. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह, बी-१२. या वर्षभराच्या नाहीत, जन्मभराच्या आहेत. छोटे पोट आणि वळवलेले आतडे अन्नातून हे पुरेसे घेऊ शकत नाही. सहा महिन्यांनी माणूस हलका होतो, कामाला लागतो, आणि ‘आता बरी आहे, कशाला पैसे घालवू’ म्हणून गोळ्या थांबवतो. लगेच काहीच होत नाही. होते ते वर्ष-दोन वर्षांनी: रक्त कमी, तळपायाला मुंग्या, हाडे ठणकणे. पायाच्या मुंग्या मधुमेहाच्या म्हणून दुर्लक्षिल्या जातात आणि बी-१२ कमी होत राहते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाही, मध्ये दोन तास सोडायचे. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. जनऔषधी केंद्रात या गोळ्या पुष्कळ स्वस्त मिळतात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागा. रक्ताची तपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी.

मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची सुटी गोळी आणून खाण्याची सवय मात्र मोडावी लागेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, सांध्याशी अल्सर होऊन रक्तस्राव होतो. दुखले तर पॅरासिटामॉल. तंबाखूनेही तोच अल्सर होतो, आणि मिश्री ही तंबाखूच आहे, हे आमच्या आया-मावश्यांना दर वेळी नव्याने सांगावे लागते.

दारूविषयी आडपडदा नको. ऑपरेशननंतर, बायपासनंतर तर फारच, दारू रक्तात झटकन चढते. पूर्वी ज्याला चार पेग लागत तो एकातच कोसळतो. खाण्याचा आधार सुटलेली काही माणसे दुसऱ्या वर्षापासून दारूकडे वळतात, आधी न पिणारीसुद्धा. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आणि पाचव्या शीलात जे आपण उच्चारले आहे, ते या माणसासाठी औषधाच्या चिठ्ठीवरही लिहिलेले आहे असे समजा.

तरुण बायकांसाठी. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहू शकतात, ज्यांना वर्षानुवर्षे राहिले नव्हते त्यांनाही. पण पहिले बारा ते अठरा महिने गर्भ राहू देऊ नये, कारण आईच्याच शरीरात तेव्हा तुटवडा असतो. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तांबी बरी. सासूबाईंना ही गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकवली तर घरात वाद कमी होतो, असा आमचा अनुभव आहे.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. विंचरताना पुंजका हातात येतो आणि बायका रडतात. प्रथिने आणि लोह नीट असेल तर ते परत येतात. कातडी मात्र सैल पडते, पोटाला आणि दंडाला लोंबते. पावसाळ्यात त्या घड्यांत बुरशी होते, म्हणून अंघोळीनंतर सुती फडक्याने टिपून कोरडे ठेवा. जलद वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी डॉक्टर सहा महिने एक गोळी देतात, ती खडे नाहीत म्हणून बंद करू नये.

वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सर्वांत खाली जाते आणि मग चार-सहा किलो वर येते. तेवढे चालते. जास्त चढले तर बहुधा दिवसभराच्या चहा-बिस्किटांनी आणि फरसाणच्या पुडीने. जेवण थोडे, पण तोंड दिवसभर चालू, असे झाले की लहान पोटाचा उपयोग राहत नाही. मनाचेही असेच वर-खाली असते. सगळे ‘काय बारीक झालीस’ म्हणत असताना आतून उदास वाटणे, झोप न येणे, जगण्यात रस न उरणे हे घडते. तेव्हा लाजू नये. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते.

आता पुन्हा उलट्यांकडे, जिथून आम्ही सुरुवात केली. क्वचित एखादी उलटी घाईने खाल्ल्याने होते. पण दोन दिवस काहीच ठरत नसेल, तर ती ऑपरेशनची साधी कटकट नव्हे. कोणत्याही दवाखान्यात सलाईन लावण्याआधी सांगायचे: ‘वजनाचे ऑपरेशन झाले आहे, आधी बी-१चे, थायमिनचे इंजेक्शन द्या.’ बी-१ संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज गेले तर उरलेसुरलेही वापरले जाते आणि मेंदूला इजा होते. एकाच्या दोन दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे, यातले काही दिसले तर तासही दवडू नये.

त्या ताई आता ७९ किलोंवर आहेत. इन्सुलिन सुटले, एक गोळी आहे. मागच्या सहा डिसेंबरला आम्ही त्यांच्यासोबत चैत्यभूमीच्या रांगेत होतो. पिशवीत दोन उकडलेली अंडी, फुटाणे, खुणा केलेली पाण्याची बाटली, दुपारची कॅल्शियमची गोळी. स्टॉलवर कोणीतरी प्रेमाने पुरीभाजी पुढे केली, त्यांनी अर्धी पुरी घेतली आणि उरलेली नातवाला दिली. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली आहे. वर पुतणीच्या अक्षरात लाल पेनाने लिहिले आहे: बायपास, पोटाचा. थायमिन आधी. दुखण्याची गोळी फक्त पॅरासिटामॉल. खाली तिचा फोन नंबर.